पश्चिम घाटातील वनप्रदेशांचे नकाशांकन

पश्चिम घाटातील वनप्रदेशांचे नकाशांकन म्हणजे सह्याद्रीच्या रांगेतील व तिच्या दोन्ही उतारांवरील वने त्यांची रचना, प्रमुख वृक्षजाती आणि त्यांना घडविणारे पर्यावरणीय घटक यांच्या आधारे वेगवेगळी करून त्यांच्या सीमा नकाशावर दाखविण्याचे काम होय. तापी नदीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किमी पसरलेल्या या पट्ट्यात काही दहा किलोमीटरांच्या अंतरात सदाहरित वनापासून काटेरी झुडपांपर्यंत सर्व अवस्था आढळतात. त्यामुळे वनस्पती व हवामान यांच्या संबंधाचा अभ्यास करण्यासाठी तो भारतातील एक महत्त्वाचा प्रदेश मानला जातो.

वननकाशा हा केवळ दिसते त्याची नोंद नसतो. एखाद्या जागी आज झुडपे असतील, तर ती तेथील मूळची वनस्पती आहे, की तोडलेल्या वनाचा अवशेष आहे, याविषयी नकाशा काढणाऱ्याला निर्णय घ्यावाच लागतो. हा निर्णय पुढे वनलागवड, जमिनीचे हस्तांतरण व त्यासाठीची भरपाई यांत उतरतो. त्यामुळे वनप्रकारांच्या सीमांचा प्रश्न वनस्पतिशास्त्रापुरता मर्यादित राहिलेला नाही.

वर्गीकरणाची सुरुवात

भारतातील वनांचे पहिले सर्वमान्य वर्गीकरण ब्रिटिश वनाधिकारी हॅरी जॉर्ज चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये भारत व ब्रह्मदेश यांच्यासाठी प्रसिद्ध केले. एस. के. सेठ यांच्यासह त्यांनी केलेली त्याची सुधारित आवृत्ती १९६८ मध्ये निघाली. तीत वनांचे १६ प्रकारगट व त्यांखाली सुमारे २०० प्रकार आहेत. प्रामुख्याने तापमान व आर्द्रता यांवर ही मांडणी उभी असून माती, आग, चराई यांचा परिणाम उपप्रकारांतून दाखविला आहे. वनविभागांच्या कार्य आयोजनांत आजही हेच वर्गीकरण वापरले जाते.

चॅम्पियन यांचे काम मुळात वर्णनात्मक होते. ‘उष्णकटिबंधीय आर्द्र पानझडी वन’ म्हणजे काय हे त्यातून नीट कळते. पण हे वन नेमके कोणत्या ओढ्यापाशी संपते आणि शुष्क पानझडी वन कोठे सुरू होते, हे त्यातून कळत नाही. या प्रकारांचा देशव्यापी नकाशा बऱ्याच उशिरा तयार झाला. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने १:५०,००० प्रमाणावर वनप्रकारांचे नकाशे तयार करून त्यांचा संग्रह २०११ मध्ये प्रकाशित केला.

पुदुच्चेरीचे नकाशे

प्रत्यक्ष नकाशांकनाची परंपरा पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेत आकाराला आली. ही संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. तुलूज येथील वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी गोसेन (१८९१–१९८१) यांच्या मार्गदर्शनाखाली आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने तिने १:१०,००,००० प्रमाणावर वनस्पती व पर्यावरणीय परिस्थिती यांची पत्रके काढण्यास प्रारंभ केला. पहिले पत्रक कन्याकुमारीचे होते व ते १९६१ मध्ये निघाले. मुंबईचे पत्रक १९६६ मध्ये आले. १९७८ पर्यंत द्वीपकल्पाचा बहुतेक भाग व्यापणारी बारा पत्रके पूर्ण झाली. लेग्री, व्हियार व व्ही. एम. मेहेर-होमजी हे या कामातील प्रमुख अभ्यासक होते.

या पत्रकांचे वैशिष्ट्य त्यांच्या रंगयोजनेत आहे. सामान्य नकाशात रंग ही केवळ खूण असते. गोसेन यांनी रंगाला अर्थ दिला. उष्ण व कोरड्या परिस्थितीसाठी तांबड्या-नारिंगी छटा आणि आर्द्रतेसाठी निळ्या छटा वापरल्यामुळे नकाशावरून नजर फिरविली, तरी घाटमाथ्यावरून पूर्वेकडे जाताना ओल कशी कमी होत जाते ते दिसते. रंगाची गडद-फिकट छटा वनाची सद्यःस्थिती सांगते. दाट वन पूर्ण रंगात, तर विरळ वन, झुडपे व गवत त्याच रंगाच्या फिकट किंवा तुटक रूपात दाखविलेले असते.

या पद्धतीमागे ‘मालिका’ ही संकल्पना आहे. एकाच हवामानात वाढणारे दाट वन, तोडीनंतर उरलेले विरळ वन, झुडपे व गवत या सर्वांना एकाच मालिकेच्या अवस्था मानले जाते आणि मालिकेला प्रमुख वृक्षजातींच्या जोडीने किंवा त्रयीने नाव दिले जाते. द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील धावडा–ऐन–साग ही मालिका त्यांपैकी एक. माळावर ऐन किंवा सागाचे एकही झाड नसले, तरी तो माळ त्या मालिकेत गणला जाऊ शकतो. नकाशा अशा रीतीने वर्तमानाबरोबर एक शक्यताही सांगतो. ही या पद्धतीची ताकद आहे. पुढे झालेल्या वादाचे मूळही तिच्यातच आहे.

१९८० च्या दशकात झाँ-पिएर पास्कल यांनी कर्नाटक व केरळ वनविभागांच्या सहकार्याने पश्चिम घाटाचे अधिक तपशीलवार, १:२,५०,००० प्रमाणावरील नकाशे हाती घेतले. शिमोगा व मर्कारा-म्हैसूर ही पत्रके १९८२ मध्ये, तर बेळगाव–धारवाड–पणजी हे गोव्याचा समावेश असलेले पत्रक १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. पश्चिम घाटाच्या जैवहवामानाचा १:५,००,००० प्रमाणाचा नकाशाही १९८२ चाच. आर्द्र सदाहरित वनांवरील त्यांचा ग्रंथ १९८८ मध्ये आला.

वनांना घडविणारे घटक

कोरड्या ऋतूची लांबी

पाऊस जितका जास्त तितके वन हिरवे, ही समजूत पश्चिम घाटात टिकत नाही. मुंबईत वर्षाला सुमारे २,२०० मिमी किंवा त्याहून अधिक, तर तिरुवनंतपुरम येथे सुमारे १,८०० मिमी पाऊस पडतो. तरीही मुंबईलगतच्या टेकड्यांवरील वन मुख्यतः पानझडी आहे, तर तिरुवनंतपुरमच्या पूर्वेकडील डोंगरांत सदाहरित वने आहेत. याचे कारण पावसाच्या एकूण आकड्यात नसून त्याच्या वाटणीत आहे.

बान्यूल व गोसेन यांनी १९५३ मध्ये कोरडा महिना ठरविण्यासाठी एक सोपा निकष सुचविला. ज्या महिन्यातील पाऊस (मिमी) हा सरासरी तापमानाच्या (°से.) दुपटीइतका किंवा त्याहून कमी असेल, तो महिना कोरडा मानावा. सरासरी तापमान २७° से. असेल, तर ५४ मिमी ही सीमा होय. या निकषाने मुंबईत साधारणपणे नोव्हेंबर ते मे असे सात महिने कोरडे ठरतात. तिरुवनंतपुरमला नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर ईशान्य मोसमी पाऊस व उन्हाळी सरीही मिळत असल्याने जानेवारी ते मार्च एवढाच काळ कोरडा असतो. सदाहरित वृक्षाला पानांतून वर्षभर पाणी गमवावे लागते. चार महिन्यांत कितीही पाऊस कोसळला, तरी उरलेला काळ मुळांपाशी ओल टिकली नाही तर त्याचा निभाव लागत नाही.

पावसाळा दक्षिणेत लवकर सुरू होतो व उशिरा संपतो. त्यामुळे कोरडा ऋतू दक्षिणेकडून उत्तरेकडे क्रमाने लांबत जातो. दक्षिण केरळात तो दोन-तीन महिन्यांचा, तर उत्तर कोकणात सात-आठ महिन्यांचा असतो. या दिशेने जाताना सदाहरित वनातील वृक्षजाती एकामागून एक गळत जातात. दक्षिणेकडील सखल वनांचे वैशिष्ट्य असलेला डिप्टेरोकार्पस कुळातील उंच वृक्षवर्ग कर्नाटकाच्या उत्तर भागापर्यंतच प्रमुख स्थान टिकवून असतो. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत त्याचे वर्चस्व आढळत नाही. पास्कल यांच्या नकाशांत हा क्रम वृक्षत्रयींच्या बदलत्या नावांतून दिसतो.

उंची

उंचीबरोबर तापमान दर १०० मीटरमागे सुमारे ०.६° से. ने घटते. दक्षिणेत अनाईमुडी शिखर २,६९५ मीटरपर्यंत पोहोचते. त्यामुळे तेथे पायथ्यापासून माथ्यापर्यंत वनांचे स्पष्ट थर आढळतात व सर्वांत वर शोला नावाची ठेंगणी, दाट वने आणि त्यांच्यामधील गवताळ उतार दिसतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. शोलांचा थर येथे तयारच होत नाही.

उत्तरेत मात्र उंचीचे काम वेगळे आहे. कोकणच्या सखल भागात सदाहरित वनाला न परवडणारा कोरडा काळ घाटमाथ्यावर थोडा सौम्य होतो. तापमान कमी असल्याने बाष्पीभवन घटते, तसेच धुके व दव यांमुळे काही ओल मिळते. म्हणूनच महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोली, राधानगरी या ठिकाणी माथ्यावर सदाहरित वने टिकून आहेत. ती दक्षिणेतील वनांसारखी उंच नाहीत. पास्कल यांनी महाबळेश्वर परिसरातील वनाला दिलेले नाव अंजनी–जांभूळ–पिसा या त्रयीवरून आहे. यातील अंजनी हा निळ्या फुलांचा छोटा वृक्ष असून खानदेश व विदर्भाच्या शुष्क वनांत ‘अंजन’ म्हणून ओळखला जाणारा वृक्ष सर्वस्वी वेगळा आहे. केवळ मराठी नावांवर विसंबून केलेल्या जुन्या नोंदी नकाशासाठी वापरताना हा फरक तपासावा लागतो.

घाटमाथा व पर्जन्यछाया

पश्चिम-पूर्व दिशेचा बदल हा उत्तर-दक्षिण बदलाहून कितीतरी तीव्र आहे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिमी पाऊस पडतो. पूर्वेस जेमतेम वीस किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, तर पसरणी घाट उतरून वाईला पोहोचेपर्यंत तो १,००० मिमीच्याही खाली येतो. एका तासाच्या प्रवासात सदाहरित वन, पानझडी वन आणि बाभूळ-बोरींचा माळ हे तिन्ही ओलांडले जातात. छोट्या प्रमाणाच्या नकाशावर हे पट्टे इतके अरुंद होतात की त्यांतला एखादा वगळावाच लागतो.

खडक व माती

हवामान सारखे असूनही वन वेगळे असण्याची सर्वांत ठळक उदाहरणे महाराष्ट्रात सापडतात. साताऱ्याजवळील कास पठारावर आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर पाऊस भरपूर आहे. केवळ हवामान पाहिले, तर तेथे दाट वन अपेक्षित आहे. पण जांभ्या दगडाच्या कठीण कवचावर मातीचा थर काही सेंटिमीटरांचाच असतो. पावसाळ्यात पाणी साचते आणि पावसाळा संपताच दगड तापतो. अशा जागी वृक्षाचे मूळ उतरत नाही. तेरडा, सीतेची आसवे, कारवी, विविध गवते यांसारख्या वनस्पती मात्र तेथे वाढतात, आणि त्यांतल्या अनेक जाती इतरत्र सापडत नाहीत. अशा पठारांना ‘वृक्षहीन म्हणून निकृष्ट’ ठरविणारा नकाशा तांत्रिकदृष्ट्या चुकीचा असतो.

याउलट, गोड्या पाण्याच्या दलदलीत वाढणारी जंगली जायफळाची वने सपाट, सतत ओल्या ओहोळांपुरती मर्यादित असतात. ती मुख्यतः केरळ व कर्नाटकात आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथेही असे एक लहानसे वन असून ते देवराई म्हणून राखले गेले आहे.

मानवी वापर

सह्याद्रीच्या वनांवर शतकानुशतके माणसाचा हात फिरलेला आहे. भातखाचरांच्या राबासाठी होणारी फांद्यांची तोड, कोळसा, कुमरी शेती, चराई, वणवे आणि ब्रिटिश काळापासूनची सागाची लागवड यांमुळे मूळ वनाचे चित्र पुसट झाले आहे. म्हणून नकाशा काढणारे अस्पर्श राहिलेल्या तुकड्यांचा शोध घेतात आणि येथे देवरायांना विशेष महत्त्व येते. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. आजूबाजूला उघडे डोंगर असताना देवराईत सदाहरित वृक्ष व जाडजूड वेली दिसल्या, तर त्या परिसराची वनक्षमता काय होती याचा तो पुरावा ठरतो. मात्र देवराई बहुधा ओढ्याकाठी किंवा झऱ्यापाशी असते. तेथील ओल सभोवतालच्या उताराला लागू करणे धोक्याचे आहे.

नकाशाचे प्रमाण व उपग्रह-प्रतिमा

१:१०,००,००० प्रमाणाच्या पत्रकावर १ चौरस मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० हेक्टर. १:२,५०,००० वर तेवढीच जागा ६.२५ हेक्टर दाखविते, तर १:५०,००० वर पाव हेक्टर. काही थोड्या हेक्टरांची जायफळाची दलदल किंवा एखादी गावदेवराई पहिल्या दोन प्रमाणांत ठिपक्याएवढीही उरत नाही. दुर्मीळ वने बहुधा लहान असतात. त्यामुळे प्रमाणाची निवड दुर्मीळ वनांच्या विरोधात जाते.

भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला वनस्थिती अहवाल १९८७ मध्ये निघाला आणि तो उपग्रह-प्रतिमांवर आधारित होता. तेव्हापासून वनाच्छादनाची घनता नियमितपणे मोजली जाते. वनाचा प्रकार ओळखणे मात्र अधिक अवघड आहे. पावसाळ्यात घाटावर ढग असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या प्रतिमेत पानझडी व सदाहरित दोन्ही वने हिरवी दिसतात, तर एप्रिलमध्ये पानगळ झालेले सागवान उघड्या जमिनीसारखे भासते. म्हणून एकाच जागेच्या दोन ऋतूंतील प्रतिमांची तुलना करतात व प्रत्यक्ष स्थळभेटींनी ती पडताळतात. आमराई, काजूच्या बागा, रबर व कॉफीचे मळे ही वनसदृश आच्छादने वेगळी काढणे ही कायमची अडचण आहे. पी. एस. रॉय व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या पद्धतीने देशाचा १०० वनस्पतिवर्गांचा नकाशा प्रसिद्ध केला.

प्रशासनातील वापर

वनजमीन अन्य कामासाठी देताना आकारावयाचे निव्वळ वर्तमान मूल्य वनप्रकारावर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २००८ च्या आदेशानुसार चॅम्पियन व सेठ यांच्या प्रकारगटांचे सहा परिस्थितिकीय वर्ग करण्यात आले आणि हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे दर ठरले. आर्द्र सदाहरित, निम-सदाहरित व आर्द्र पानझडी वने पहिल्या, तर काटेरी वने चौथ्या वर्गात येतात. चौथ्या वर्गाचे दर सर्वांत कमी आहेत. महाबळेश्वरचे वन चॅम्पियन व सेठ यांच्या यादीत ‘पश्चिमेकडील उपोष्ण डोंगरी वन’ म्हणून नोंदले असल्याने पाचव्या वर्गात जाते. तेच वन पास्कल यांच्या पद्धतीने सदाहरित आहे. अतिघन वनासाठी या दोन वर्गांच्या दरांत २००८ च्या तक्त्यानुसार हेक्टरी १.०४ लाख रुपयांचा फरक होता. झाडे तीच आहेत. बदलते ते फक्त वर्गीकरण.

पश्चिम घाटाच्या संवर्धनासाठी नेमलेल्या दोन समित्यांच्या अहवालांतही नकाशापद्धतीचा फरक निर्णायक ठरला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने (२०११) घाटाचे क्षेत्र १,२९,०३७ चौ. किमी मानून त्याची सुमारे ९ किमी बाजूच्या चौकटींत विभागणी केली व प्रत्येक चौकटीला संवेदनशीलतेच्या तीन श्रेणींपैकी एक दिली. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने (२०१३) क्षेत्र १,६४,२८० चौ. किमी धरले आणि उपग्रह-प्रतिमांवरून ‘नैसर्गिक’ व ‘सांस्कृतिक’ भूदृश्य वेगळे करून सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला. पहिल्या पद्धतीत एका चौकटीत गाव, शेती व वन एकत्र येतात. दुसरीत शेती व वस्तीचा मोठा भाग बाहेर राहतो, पण वनाचे तुकडे एकमेकांपासून तुटतात. पश्चिम घाटाची हद्द कोठे संपते यावरच दोन्ही गटांचे मत जुळलेले नव्हते.

गवताळ प्रदेशांचा वाद

पर्जन्यछायेच्या प्रदेशातील माळराने हा या नकाशांचा सर्वांत वादग्रस्त भाग आहे. चॅम्पियन व सेठ यांच्या यादीत शुष्क गवताळ प्रदेश हा स्वतंत्र प्रकारगट नाही. तो शुष्क पानझडी वनाच्या ‘ऱ्हासावस्थां’मध्ये मोडतो. गोसेन यांच्या मालिकांतही गवत ही बहुधा तोडलेल्या वनाची पायरी असते. अशा नोंदीचा व्यावहारिक अर्थ असा होतो की माळावर झाडे लावणे म्हणजे त्याला पूर्वपदावर आणणे. अनेक माळांवर व टेकड्यांवर गिरिपुष्पासारख्या विदेशी वृक्षांची लागवड याच समजुतीतून झाली. माळढोक, काळवीट, लांडगा, तणमोर हे प्राणी मात्र उघड्या गवतावर अवलंबून आहेत.

या गृहीतकाला वेगवेगळ्या दिशांनी आव्हान मिळाले. आर. सुकुमार व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये निलगिरीतील दलदलीच्या पीट थरांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून दाखविले की तेथील गवताळ वनस्पतींचे प्रमाण हवामानानुसार हजारो वर्षे कमी-अधिक होत आले आहे. शेतीसाठी झालेल्या तोडीने त्याचा उलगडा होत नाही. जयश्री रत्नम व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आशियातील सव्हाना प्राचीन असून त्यांना ऱ्हास पावलेली वने समजणे चूक असल्याचे मांडले. पश्चिम महाराष्ट्राविषयी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वेगळाच पुरावा वापरला. तेराव्या शतकापासूनच्या मराठी चरित्रग्रंथांत, ओव्यांत व लोकगीतांत आलेले वनस्पतींचे उल्लेख तपासून त्याने या भागात विरळ वृक्षांचे गवताळ भूदृश्य किमान ७५० वर्षांपासून असल्याचा निष्कर्ष काढला.

प्रत्येक माळ मात्र प्राचीन नाही. घाटाच्या पूर्व उतारावरील काही गवताळ पट्टे खरोखरच अलीकडच्या तोडीतून व वणव्यांतून झालेले आहेत आणि संरक्षण मिळाल्यास तेथे वन परत येते. कोणता माळ कोणत्या प्रकारचा हे हवामानाच्या आकड्यांवरून ठरत नाही. मातीची खोली, गवतांच्या जाती, जमिनीखालून पुन्हा फुटणारी बहुवर्षायू झुडपे, जुने दस्तऐवज व गुराख्यांच्या आठवणी यांची प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पडताळणी करावी लागते. वन सर्वेक्षणाच्या १:५०,००० च्या पत्रकांत अशा पडताळणीसाठी वेगळी खूण नाही. चॅम्पियन व सेठ यांच्या यादीप्रमाणे त्यांचे संकेतांक आजही ‘डीएस’, म्हणजे ऱ्हासावस्था, याच अक्षरांनी लिहिले जातात.